कुकामावशीचे खटके

खटके सगळेच्या सगळे खाली होते. मारिक्रूसनं खेळाच्या यंत्राच्या पाठीची फळी एका हातानं धरून ठेवली, दुसऱ्या हातानं जळमटं बाजूला सारली आणि पुन्हा वाकून पाहिलं. हिरव्या पट्टीवर नखाएवढ्या पांढऱ्या खटक्यांची ओळ होती, तिच्यावर मक्याच्या पिठाचा थर बसला होता, आणि एकही खटका वर नव्हता. सगळे वर म्हणजे सर्वांत कठीण. थोडे वर, थोडे खाली म्हणजे मधलं. आणि सगळे खाली म्हणजे सोपं, पोराटोरांसाठी आणि ज्यांना खेळता येत नाही त्यांच्यासाठी. हे तिला कुणी सांगायला नको होतं. जी बाई अर्धं आयुष्य व्हिडिओ गेमवर लिहून पोट भरत आली तिला एवढं कळणारच. आत उंदीर आहेत का, एवढंच बघायला तिनं फळी काढली होती. त्यापेक्षा उंदीर निघाले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पुढे दुकानात कुकामावशी रांगेवर ओरडत होती. पोर्तालेस वस्तीच्या कोपऱ्यावरचं हे टोर्टियांचं, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांचं, दुकान मावशीनं जन्मभर चालवलं, आणि आजचा रविवार तिचा शेवटचा. उद्यापासून भट्टी, टोर्टिया बाहेर आणणारा पट्टा, वजनकाटा सगळं नव्या मालकाचं. खेळाचं हे माणसाएवढं लाकडी धूड तेवढं त्याला नको होतं. ‘तुझंच आहे ते, घेऊन जा,’ मावशी फोनवर म्हणाली होती. ‘तूच जिंकलंयस त्याला.’ हे वाक्य मनात घोळवत मारिक्रूस सकाळी इथं आली होती, टेम्पोवाल्याला दुपारी बोलावून ठेवलं होतं, आणि नार्वार्तेतल्या आपल्या घरात ते कुठल्या भिंतीला लावायचं हेही ठरवून झालं होतं. लोक पदकं लावतात, ती यंत्र लावणार होती. आता ती त्या यंत्रामागं उकिडवी बसली होती, तिचे गुडघे दुखत होते, आणि ती आठवत होती तो शनिवार.

तो शनिवार तिला नुसता आठवायचा नाही, अंगावर यायचा. काखेत आईनं भरलेलं फडकं, टोर्टिया गुंडाळून न्यायचं. चपलेचा एक पट्टा तुटलेला. भट्टीची धग डाव्या गालावर आणि रस्त्यावरचं ऊन उजव्या. काचेखालच्या पट्टीवर नाण्यांची रांग, ज्याचं नाणं त्याचा नंबर, आणि त्यात तिचंही एक नाणं, टोर्टियांच्या पैशांतून काढलेलं. खेळाला सगळे नुसतं ‘मनोरा’ म्हणत. एक इवलासा शिपाई जिना चढत जायचा, वरून दगड यायचे, वटवाघळं यायची, पायऱ्या पायाखालून निसटायच्या, आणि अगदी माथ्यावर घुबडाच्या तोंडाचा राजा बसलेला. राजापर्यंत मोजके पोचले होते. त्याला हरवून खाली कुणी आलं नव्हतं. गॅरेजमधला चेमा, ज्याच्या बोटांचं काळं ग्रीस दांड्याला लागायचं आणि नंतर खेळणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला, तो रोज संध्याकाळी यायचा आणि रोज शिव्या देत जायचा. आणि त्या शनिवारी अकरा वर्षांची मारिक्रूस ओल्वेरा, जिला शाळेत फळ्यावर बोलावलं की रडू फुटायचं, तिनं घुबडाला पाडलं. रांगेतल्या बायका टोर्टिया विसरल्या. चेमा म्हणाला, ‘च्यायला!’ आणि मग त्यानंच टाळ्या सुरू केल्या. मावशीनं पट्ट्यावरून वाफाळती पहिली टोर्टिया उचलली, मीठ टाकलं, गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली. मिठाचा टाको दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला मिळायचा, पण तो टाको वेगळा होता. तिची जीभ भाजली होती आणि तिला ते आवडलं होतं.

त्या भाजलेल्या जिभेवर तिनं पुढचं सगळं उभं केलं. कॉलेज सोडलं तेव्हा, वडील बोलेनासे झाले तेव्हा, मासिकातल्या पुरुषांनी ‘तू भावल्यांचे खेळ बघ’ म्हणून हसून टाकलं तेव्हा, ती मनातल्या मनात त्या मनोऱ्यावर जाऊन उभी राहायची. तिचा नियम ठरला: खेळ कुठलाही असो, सर्वांत कठीण पातळीवरच खेळायचा. तिच्या प्रत्येक लेखाचं पहिलं वाक्य एकच असायचं, ‘कठीणवर खेळून संपवला.’ वाचक तिला कडक मारिक्रूस म्हणू लागले. तिचे शब्द लोक एकमेकांच्या तोंडावर फेकू लागले, विशेषतः ते एक: ‘सोप्यावर खेळणं म्हणजे दुसऱ्याचं जेवण खिडकीतून बघणं.’ फार टाळ्या मिळाल्या होत्या त्या वाक्याला. आता ते वाक्य खटक्यांच्या ओळीशेजारी जाऊन बसलं आणि तिच्याकडे बघायला लागलं. तू तेव्हा काय करत होतीस गं बाई, खिडकीत?

खिशातला फोन थरथरला. संपादक फाबियान. ‘तुझा लेख लावला बरं का,’ तो म्हणाला, ‘आज सहाला जाईल. बिचारी पोरं! दहापैकी चार म्हणजे तू त्यांना पुरलंसच. वर माती लोटायचीही सोय ठेवली नाहीस.’

‘मला जे वाटलं ते लिहिलं.’

‘ते तर झालंच. मी कुठं काय म्हणतोय? पुएब्लाची तीन पोरं, त्यांनी बनवलेला पहिलाच खेळ, तू चार दिलेस, आता चारच लोक घेतील. जाऊ दे. जेवलीस का?’

‘नाही.’ तिनं फोन ठेवला.

त्या खेळाचं नाव ‘पाणवाट’. बुडालेल्या शहरातून, कालव्याकालव्यांनी, एक बाई फुलांनी भरलेला तराफा बाजाराकडे नेते, एवढंच. सुरुवातीला खेळ विचारतो: मंद पाणी, वाहतं पाणी, की पूर? आणि खाली बारीक अक्षरात म्हणतो, पहिल्यांदाच आला असाल तर मंद पाण्यातून चला. मारिक्रूस तेव्हा फिसकन हसली होती आणि तिच्या अंगठ्यानं पूर दाबला होता. वाचलं नाही, विचार केला नाही, जसा माणूस घरात शिरताना न बघता दिव्याचं बटण दाबतो तसा. मग पुरानं तिला धुतली. कालव्याच्या पहिल्या दरवाज्यावर तराफा फुटला, दुसऱ्यावर फुटला, दाताखाली ओठ धरून ती प्रवाहाचा अंदाज घेत राहिली आणि तराफा फुटत राहिला. शेवटी तिनं खेळ संपवला, कारण ती संपवतेच, आणि लिहिलं: ‘हा खेळ नाही, शिक्षा आहे.’ लिहिताना तिला बरंही वाटलं होतं. ते बरं वाटणं आता आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली, कारण गेली कित्येक वर्षं खेळातून तिला मिळणारं बरं वाटणं तेवढंच उरलं होतं: आपण संपवला, आणि आता आपण त्याला संपवू. खेळताना ती शेवटची कधी हसली, ते तिला सांगता आलं नसतं.

‘अगं ए, पाठीमागं झोपलीस की काय?’ मावशी आत आली, घामानं चेहरा तुकतुकीत, पदराच्या जागी पिठानं माखलेला एप्रन. वयानं वाकली होती, तोंड मात्र ताठ होतं. ‘उंदीर मिळाला का?’

‘मावशी, हे खटके कुणी लावले?’

मावशीनं वाकून बघितलं आणि हसली. ‘कुणी म्हणजे? मीच. त्या यंत्र देणाऱ्या माणसानं दाखवलं होतं. म्हणाला, बाई, हे वर लावून ठेवा, पोरं पटापटा हरतील, नाणी पटापटा पडतील. मी म्हटलं, मूर्खा, ती नाणी कुणाची? तुम्ही कार्टी टोर्टियांचेच पैसे त्या डबड्यात घालायचात ना? हरलात की दुसरं, हरलात की तिसरं. मग घरी रिकामं फडकं, आणि तुमच्या आया कंबर खोचून माझ्या दारात! तुझी आईच आली होती पहिली. सख्खी बहीण, पण काय तोंड सोडलं तिनं!’ तिनं केसातली पिन काढून खटक्यांकडे रोखली. ‘म्हणून दुपारी, पोरांच्या वेळेला, सगळे खाली. एका नाण्यात पोर खूश, रांग पुढं सरकेपर्यंत गप्प, आणि टोर्टियांना पैसे शिल्लक. संध्याकाळी गॅरेजवाले आले की सगळे वर. त्यांच्या आया थोड्याच येणार होत्या?’

‘आणि मग आम्हाला कसं कळलं नाही?’

‘यंत्र तापलंय, जरा थंड होऊ दे, असं सांगायची. बंद करायची, पिन घालायची, चालू करायची.’

यंत्र तापलंय! मारिक्रूसच्या कानात ते शब्द मावशीच्या तरुण आवाजात वाजले. किती वेळा ऐकले होते ते, आणि ती सगळी पोरं यंत्राच्या पाठीवर हात ठेवून ‘खरंच तापलंय रे’ म्हणायची. भट्टीच्या शेजारी उभं असलेलं यंत्र, ते तापणारच. पण त्या शनिवारी तापलं होतं का? शनिवार मोठा अवघड वार. शनिवारी पोरंही यायची आणि गॅरेज लवकर सुटायचं म्हणून चेमाही यायचा. चेमा होता, टाळ्या त्यानंच सुरू केल्या, म्हणजे खटके वर असतील. पण फडकं काखेत होतं, आई जेवणासाठी थांबली होती, म्हणजे दुपार होती, म्हणजे खाली असतील. ती त्या शनिवारात शिरून मावशीला शोधू लागली, पण तिथं मावशी नव्हतीच. होता नुसता मिठाचा टाको आणि तो धरणारा हात.

‘मावशी, मी जिंकले त्या दिवशी खटके कुठं होते?’

‘मला काय माहीत? तू किंचाळत होतीस एवढं आठवतंय.’

‘आठव ना.’

‘शनिवारी मला नाक पुसायला सवड नसायची, पोरी. लावले असतील, राहिले असतील.’ मग तिनं भाचीचा चेहरा नीट बघितला, आणि तिचा आवाज जरा खाली आला. ‘का गं? काय होतंय? सोपं असलं तर तू जिंकली नाहीस का? घुबड मेलं नाही का?’

‘ते वेगळं, मावशी.’

‘काय वेगळं? मी गिऱ्हाईकाला विचारून सॉस देते, तिखट की बेताचं. बेताचं मागणाऱ्याचं पोट भरत नाही का?’ बाहेरून कुणीतरी किलोभर मागितलं आणि मावशी गेली.

मारिक्रूस पिठाच्या पोत्यावर बसली. पिशवीतून तिनं हातात धरायचं खेळाचं यंत्र काढलं, ‘पाणवाट’ उघडली, आणि तिचा अंगठा सवयीनं पुराकडे गेला. तो तिनं दुसऱ्या हातानं धरून मागं आणला. एकटीच असूनही तिनं आजूबाजूला बघून घेतलं, चोरी करताना बघतात तसं. मग मंद पाणी दाबलं. तराफा हलला. आणि काहीच फुटलं नाही. दरवाजा आला, गेला. तिला चैन पडेना. कुणीतरी हातातलं ओझं काढून घेतल्यावर हात आपोआप वर येतात तसं तिचं मन उगाच वर वर येत होतं. मग तिला बगळा दिसला. तो पहिल्यापासून तिथंच होता, बुडालेल्या चर्चच्या घंटेवर, आणि तराफा जवळ आला की एक पाय बदलायचा. काठावरच्या खिडकीत एक म्हातारा हात हलवायचा; तिनं तराफा थांबवला तर तो एक झेंडू मागायचा आणि बदल्यात मृत बायकोची गोष्ट सांगायचा. पुरात ती याच खिडकीसमोरून गेली होती आणि तिला फक्त भिंतीचा कोपरा दिसला होता, तराफा आपटणारा. पुढे झेंडूंच्या ढिगात एक कुत्रा झोपलेला निघाला, जो तिच्या तराफ्यावर होता, तिच्याच, अख्खा वेळ. मारिक्रूस मोठ्यानं हसली. हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरले. तिनं खेळाला चार दिले होते, पण खेळ तिनं बघितलाच नव्हता. तिनं पुराला चार दिले होते. आणि दुसऱ्या मासिकातला तो समीक्षक, जो सगळं सोप्यावर खेळून ‘फार छोटा, फार पाणचट’ लिहितो आणि ज्याला ती जाहीर हसत आली, तोही तेच करत होता. माणसं आपापल्या खटक्यांची समीक्षा करतात आणि वर खेळाचं नाव घालतात.

तिनं फाबियानला फोन लावला. ‘लेख काढ.’

‘काय? वेडी झालीस? सगळ्यांचे लेख सहाला जाणारेत. चाराचे सात करू का? आत्ता करतो, कुणाला कळणार नाही.’

‘आकडा नको बदलू. लेखच काढ. मी चुकीचा खेळ खेळले.’

‘म्हणजे वेगळाच खेळ?’

‘नाही रे बाबा, तोच. सहाच्या आत देते नवीन.’

‘तू?’ फाबियान म्हणाला. ‘कडक मारिक्रूस शब्द मागं घेणार? लोक तुला सोलतील.’

‘सोलू देत,’ ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण भीती शोधूनही सापडेना.

पण शनिवार तसाच होता, तिथंच, घशात अडकलेल्या घासासारखा. ती बाहेर आली तेव्हा रांगेत एक टकला, पोट सुटलेला माणूस उभा होता आणि त्याच्या बोटांच्या पेरांत काळं ग्रीस होतं. ‘चेमा?’ ती म्हणाली.

‘ओळखलंस होय! मला वाटलं, मोठी माणसं झालात.’ चेमानं यंत्राकडे मान वळवली. ‘याला नेतेयस म्हणे. ने बाई, ने. तू त्या घुबडाला पाडलंस तेव्हापासून माझं मनच उडालं यावरून. संध्याकाळी मी येऊन मरायचो आणि घरी जाऊन बायकोला सांगायचो, एका चिमुरडीला जमतं ते मला जमत नाही!’

मावशी पट्ट्याआडून खुदकन हसली. चेमाला कळलं नाही, मारिक्रूसला कळलं. आणि तिच्या मनात एकदम ती गोष्ट आली, इतकी साधी की तिला हसूच आलं. ती मावशीजवळ गेली. ‘मावशी, पिन दे… नको, तूच ये. मागं जा आणि खटके तुला वाटतील तसे लाव. वर, खाली, मधे, कसेही. मला सांगू नकोस.’

‘आणि रांग?’

‘रांगेला विचार.’

‘खेळू दे की पोरीला!’ रांगेतली एक जाडजूड बाई म्हणाली. ‘आज शेवटचा दिवस आहे तुझा, कुका. इतकी वर्षं थांबलोच ना?’

मारिक्रूसनं कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. भट्टीची धग डाव्या गालावर होती. थोड्या वेळानं खांद्यावर पिठाचा हात पडला आणि मावशीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, ‘यंत्र तापलं होतं, आता थंड झालं.’ चेमा पोट धरून हसला. का हसतोय ते त्याला ठाऊक नव्हतं.

शिपाई जिना चढू लागला. पहिल्या मजल्यावर तिला वाटलं, सोपं आहे, दगड हळू येतायत. दुसऱ्यावर एका वटवाघळानं तिला असं उडवलं की वाटलं, म्हातारीनं सगळे वर लावलेत. तिसऱ्यावर पुन्हा वाटलं सोपं. ती दगडांचा वेग जोखत होती, पायऱ्यांचा हिशेब करत होती, खटके वर की खाली, वर की खाली, आणि त्या नादात एक जीव गेला, मग दुसरा. उरला शेवटचा. मागून चेमा कुजबुजला, ‘डावीकडं, बये, डावीकडं!’ आणि ती डावीकडं गेली, आणि पायरी निसटायच्या आत तिचा हात आपसूक वर झाला. मनगटाला ते ठाऊक होतं, तिला नव्हतं. मग हिशेब थांबला. दांडा गरम होता, बटणं चिकट होती, काचेत तिच्याच चेहऱ्यामागं रांगेचे चेहरे दाटले होते. ती हसत होती. चूक झाली की हसत होती, निभावलं की हसत होती. माथा आला. घुबडानं डोळे मिटायची वाट बघायची, मिटले की धावायचं. ती थांबली. रांग थांबली. रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी गाद्या, फ्रिज मागत चालली होती आणि तिचा कर्णाही जणू दूर गेला. घुबडानं डोळे मिटले.

यंत्राच्या फाटक्या भोंग्यातून घंटा घणघणल्या. जाडजूड बाईनं मारिक्रूसला मागूनच मिठी मारली, चेमा ‘च्यायला!’ म्हणाला, अगदी तसंच, आणि टाळ्या त्यानंच सुरू केल्या. टेम्पोवाला कधीचा दारात येऊन उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता. मारिक्रूस दोन्ही हात वर करून किंचाळली. बेचाळिसाव्या वर्षी, भर रस्त्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर. मावशीनं पट्ट्यावरून वाफाळती टोर्टिया ओढली, मीठ टाकलं, गुंडाळली आणि तिच्या हातात ठेवली. तिनं फुंकर न घालता अर्धी तोडली. जीभ भाजली.

तिनं भरल्या तोंडानं फाबियानला फोन लावला. ‘पहिलं वाक्य घे. बाकीचं घरी जाऊन लिहिते. घे: पुरात खेळले तेव्हा चिडले, मंद पाण्यात खेळले तेव्हा हसले, आणि खेळ तोच होता.’

‘आणि ते नेहमीचं, “कठीणवर खेळून संपवला”?’

‘ते गेलं.’

फोन खिशात जातो न जातो तोच मावशी जवळ सरकली. तिच्या डोळ्यांत खट्याळपणा होता आणि मायाही होती. ‘पोरी, ऐक तर खरं, मी खटके कसे लावले ते…’ तिनं तोंड उघडलं, आणि मारिक्रूसनं उरलेला अर्धा टाको तिच्या तोंडात कोंबला. मावशी चावत राहिली. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

‘आता तरी अर्धा किलो मिळेल का हो?’ मागून कुणीतरी ओरडलं. चेमानं खिशातून एक नाणं काढलं, ग्रीसच्या बोटांनी काचेखालच्या पट्टीवर ठेवलं, आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, ‘थांब जरा. आता माझा नंबर.’